‘आईनस्टाईन’ हे आडनाव आलं कुठून, आणि जर्मनीतच ते इतकं दुर्मिळ का?

वर्गात एखाद्याने अवघड गणित पटकन सोडवलं की मागच्या बाकावरून आवाज येतो, “आला मोठा आईनस्टाईन!” कुणी उगाच शहाणपणा शिकवायला लागला तरी हेच नाव पुढे येतं. आपल्या बोलण्यात आईनस्टाईन हे आडनाव राहिलेलंच नाही, ते जवळजवळ विशेषण झालंय. गंमत म्हणजे जगात ज्याला हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण, पण ज्या देशात हे आडनाव जन्मलं त्या जर्मनीत आज ते दारावरच्या पाटीवर क्वचितच दिसतं.

सोशल मीडियावर या आडनावाबद्दल एक पोस्ट अधूनमधून फिरत असते. जर्मन भाषेत ‘आइन’ म्हणजे एक आणि ‘श्टाइन’ म्हणजे दगड, त्यामुळे आईनस्टाईन म्हणजे ‘एक दगड’. खाली हसण्याच्या इमोजींचा पाऊस. पण हा अर्थ बरोबर आहे का? हे आडनाव नेमकं कुठून आलं? आणि ते दुर्मिळ का झालं?

शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गणितात आहे आणि अर्धं इतिहासात. इतिहासाचा भाग वाचायला सोपा नाही. सुरुवातीपासून बघूया.

जर्मन आडनावं तयार कशी झाली?

युरोपात बराच काळ लोकांना एकच नाव असायचं. गावात चार हान्स असले तरी अडत नव्हतं, कारण सगळे एकमेकांना ओळखायचे. मध्ययुगात शहरं वाढली, व्यापार वाढला, कर आणि जमिनीच्या नोंदी व्हायला लागल्या. मग ‘कुठला हान्स?’ हा प्रश्न कारकुनाला पडायला लागला. त्याच्या उत्तरातून आडनावं तयार झाली.

ढोबळमानाने जर्मन आडनावांचे चार गट पडतात.

• धंद्यावरून : म्युलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, फिशर म्हणजे मासेमारी करणारा, वेबर म्हणजे विणकर.

• बापाच्या नावावरून : पीटर्स, हान्सेन वगैरे.

• दिसण्यावरून किंवा स्वभावावरून : क्लाइन म्हणजे छोटा, लांग म्हणजे उंच, श्वार्त्स म्हणजे काळा.

• गावावरून किंवा जागेवरून : बायर म्हणजे बव्हेरियाचा, बोम म्हणजे बोहेमियाचा. काही वेळा गावाच्या नावाला ‘अर’ जोडून आडनाव होतं, जसं ओपेनहाइम गावावरून ओपेनहाइमर. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लावतो तसाच हा प्रकार.

यातून एक गोष्ट लगेच लक्षात येते. गिरणी प्रत्येक गावात होती, लोहार प्रत्येक गावात होता. त्यामुळे म्युलर आणि श्मिट ही आडनावं शेकडो ठिकाणी, एकमेकांशी काहीही संबंध नसताना तयार झाली. दोन म्युलर भेटले तर ते नातेवाईक असण्याची शक्यता फार कमी. पण एखादं आडनाव एकाच जागेवरून किंवा एकाच घराण्यापासून सुरू झालं असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच थोड्या लोकांचं असतं. आईनस्टाईन हे अशा थोड्यांच्या आडनावांपैकी आहे.

मग ‘एक दगड’ हा अर्थ चूक का?

आजच्या जर्मनमध्ये ‘आइन श्टाइन’ असे दोन शब्द सुटे म्हटले तर अर्थ ‘एक दगड’ असाच होतो. त्यामुळे पोस्ट टाकणाऱ्याला दोष देता येत नाही. अडचण अशी की आडनावं आजच्या भाषेतून बनलेली नसतात. ती ज्या काळात बनली त्या काळच्या भाषेत त्यांचा अर्थ शोधावा लागतो.

आडनावांच्या कोशांमध्ये आईनस्टाईनचा संबंध मध्ययुगीन जर्मनमधल्या ‘आइनश्टाइनेन’ या क्रियापदाशी जोडला जातो. त्याचा अर्थ दगडांनी वेढणं, दगडी कुंपण घालणं. म्हणजे दगडी बांध घातलेल्या एखाद्या जागेचं किंवा वस्तीचं हे नाव, आणि तिथून आलेल्या माणसाचं ते आडनाव, असा हा उलगडा आहे. थोडक्यात, इथला ‘आइन’ हा आकडा नाही. तो ‘आत घेणं’ या अर्थाचा उपसर्ग आहे.

‘श्टाइन’ हा शब्द तर जर्मन जागांच्या नावात जागोजागी सापडतो. खडकावर बांधलेल्या किल्ल्यांना हा शब्द हमखास जोडला जायचा. लिश्टेनश्टाइन हा देश त्याच नावाच्या घराण्यावरून ओळखला जातो आणि त्या घराण्याचं नाव एका किल्ल्यावरून आलं. फ्रँकेनश्टाइन नावाचा किल्लाही जर्मनीत डार्मश्टाट शहराजवळ आजही उभा आहे. म्हणजे नावाच्या शेवटी ‘स्टाईन’ दिसलं की डोळ्यांसमोर रस्त्यावरचा धोंडा आणण्यापेक्षा खडक, गढी, तटबंदी आणलेली बरी.

ज्यू कुटुंबांमध्ये ‘श्टाइन’वाली आडनावं आणखी एका कारणाने दिसतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सरकारांनी ज्यूंना कायमचं आडनाव घ्यायला लावलं तेव्हा अनेकांनी कानाला गोड वाटतील अशी नावं निवडली. गोल्डश्टाइन, रुबिनश्टाइन ही त्यातलीच. पण आईनस्टाईन घराण्याची गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते.

साल १६६५, गाव बुखाऊ

जर्मनीच्या दक्षिणेला आजच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात फेडरझे नावाचा एक सरोवरवजा पाणथळ प्रदेश आहे. त्याच्या काठावर बुखाऊ हे छोटं गाव आहे. आज त्याचं नाव बाड बुखाऊ, म्हणजे औषधी स्नानासाठी प्रसिद्ध असलेलं बुखाऊ.

१६६५ मध्ये बारुख मोझेस नावाचा एक ज्यू माणूस बोडेनझे सरोवराच्या बाजूने येऊन इथे स्थायिक झाला. त्याचं आडनाव नोंदलं गेलं ‘आइनश्टाइन’, पण स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं. आज जिथे ‘ई’ आणि ‘आय’ ही अक्षरं लिहितात तिथे त्या नोंदीत ‘ए’ आणि ‘आय’ आहेत. दक्षिण जर्मनीत त्या काळी असं लिहिण्याची पद्धत होतीच. मायर या एका आडनावाची चार-पाच स्पेलिंगं आजही चालू आहेत, त्याचं कारण हेच.

त्या काळी ज्यूंना हव्या त्या गावात राहता येत नसे. गावाच्या सत्ताधीशाकडून ‘संरक्षणपत्र’ घ्यावं लागे, त्यासाठी पैसे भरावे लागत. कुणी कुठला व्यवसाय करायचा यावरही बंधनं होती. पत्र मिळालं तर राहायचं, नाहीतर पुढचं गाव. अशा परिस्थितीत बारुख मोझेसला बुखाऊत जागा मिळाली आणि त्याचं घराणं तिथे पुढची जवळपास पावणेतीनशे वर्षं नांदलं.

अल्बर्ट आईनस्टाईन याच घराण्यातला. त्याचे आजोबा अब्राहम यांचा जन्म १८०८ चा. वडील हर्मन यांचा जन्म १८४७ मध्ये बुखाऊतच झाला. पुढे हर्मन पन्नासेक किलोमीटरवरच्या उल्म शहरात गेले आणि तिथे १४ मार्च १८७९ रोजी अल्बर्टचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी कुटुंब म्युनिकला हललं. हर्मन आणि त्यांचा भाऊ याकोब यांनी तिथे विजेच्या उपकरणांचा कारखाना काढला.

आडनाव एकाच गावात, एका छोट्या समाजात फिरत राहिलं की काय होतं, त्याचं उदाहरण अल्बर्टच्याच घरात आहे. त्याची दुसरी बायको एल्झा ही लग्नाआधीही आईनस्टाईनच होती. तिची आई आणि अल्बर्टची आई सख्ख्या बहिणी, आणि वडिलांच्या बाजूनेही दोघं नात्यातले. त्यामुळे १९१९ मध्ये लग्न झालं तेव्हा वधूला माहेरचं आडनाव बदलावंच लागलं नाही.

आडनाव कायद्याने कायमचं कधी झालं?

ज्यू समाजात पूर्वी बापाचं नाव पुढे जोडायची पद्धत होती. प्रत्येक पिढीत ते बदलायचं. सरकारी नोंदींना ते गैरसोयीचं होतं. कर कुणाकडून घ्यायचा, सैन्यात कुणाला बोलवायचं हे कळायला हवं ना! म्हणून एकेका राज्याने कायदे केले. ऑस्ट्रियात सम्राट दुसरा योझेफ याने १७८७ मध्ये, प्रशियाने १८१२ मध्ये, बव्हेरियाने १८१३ मध्ये. बुखाऊ ज्या व्युर्टेमबर्ग राज्यात होतं तिथे हा कायदा १८२८ मध्ये आला.

‘सरकारी अधिकाऱ्याने कंटाळून काहीतरी नाव चिकटवलं आणि त्यातून आईनस्टाईन तयार झालं’ अशी गोष्ट कुणी सांगितली तर तारखा पडताळून बघा. १६६५ ची नोंद आणि १८२८ चा कायदा यांच्यात १६३ वर्षांचं अंतर आहे. या घराण्याच्या बाबतीत कायद्याने नाव दिलं नाही, असलेल्या नावावर शिक्का मारला.

पुढे १८७६ पासून संपूर्ण जर्मन साम्राज्यात जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. तेव्हापासून आडनावांची स्पेलिंगं जवळजवळ गोठली. आजोबा एका अक्षराने आणि नातू दुसऱ्या अक्षराने लिहितो, हे दिवस संपले.

एखादं आडनाव किती लोकांचं आहे, हे मोजतात कसं?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. कुठलं आडनाव किती लोकांचं, याची सगळ्यांना बघता येईल अशी सरकारी यादी जर्मनीत नाही. मग संशोधकांनी एक साधा मार्ग काढला, टेलिफोन डिरेक्टरी.

मोबाइलने लँडलाइनची गरज संपवण्याआधी जवळपास प्रत्येक घरात फोन होता. त्यामुळे २००५ सालची टेलिफोन जोडण्यांची माहिती आडनावांच्या अभ्यासकांसाठी सोन्याची खाण ठरली. त्यात सुमारे २ कोटी ८० लाख घरगुती जोडण्या होत्या. याच माहितीवर जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह तयार झाला. माइन्झ शहरातल्या विज्ञान आणि साहित्य अकादमीत २०१२ पासून जर्मन आडनावांचा एक मोठा डिजिटल कोश तयार होतोय, त्याचा पायाही हाच.

त्या माहितीनुसार पहिल्या नंबरवर म्युलर, सुमारे २ लाख ५६ हजार जोडण्या. दुसऱ्या नंबरवर श्मिट, सुमारे १ लाख ९० हजार. एका घरात एकच फोन पण माणसं अनेक, म्हणून अभ्यासक जोडण्यांच्या संख्येला साधारण २.८ ने गुणतात. तसं केलं की म्युलर आडनावाची माणसं सात लाखांच्या घरात जातात.

आता याची दुसरी बाजू बघा. त्याच माहितीत साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त फक्त एकदाच आलेली होती. त्यात जोडआडनावं, परदेशातून आलेल्यांची आडनावं आणि टायपिंगच्या चुकाही होत्या हे खरं. तरी चित्र स्पष्ट आहे. थोडी आडनावं प्रचंड लोकांची आणि प्रचंड आडनावं थोड्या लोकांची. आईनस्टाईन दुसऱ्या बाजूला आहे.

इथे एक धोका सांगायला हवा. ‘तुमचं आडनाव जगात किती जणांचं आहे’ असं सांगणाऱ्या वेबसाइट्स तुम्ही पाहिल्या असतील. साध्या आडनावांसाठी त्यांचा अंदाज चालून जातो. पण आईनस्टाईनसारख्या नावाचं काय? इंटरनेटवर गंमत म्हणून, टोपणनाव म्हणून हे नाव घेणारे हजारो आहेत. दुकानं, कॅफे, शिकवणी वर्ग, अगदी पाळीव प्राण्यांनाही ते नाव दिलं जातं. यादी कुठून घेतली आणि ती गाळली कशी, हे सांगितलं नसेल तर अशा आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

आडनाव आपोआप नाहीसं होऊ शकतं का?

हो, आणि त्यासाठी कुठलंही संकट यावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांना हाच प्रश्न पडला होता. मोठमोठ्या घराण्यांची आडनावं संपतात का? हेन्री वॉटसन या गणित जाणणाऱ्या पाद्र्याने त्यावर काम केलं आणि १८७० च्या दशकात दोघांनी उत्तर मांडलं. आज ते ‘गाल्टन-वॉटसन प्रक्रिया’ म्हणून शिकवलं जातं. अणुभट्टीतल्या साखळी अभिक्रियेपासून साथीच्या रोगांपर्यंत अनेक ठिकाणी तेच गणित वापरतात.

मुद्दा असा. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं असं धरा. मुली लग्नानंतर दुसरं आडनाव लावतात असं धरा. आता एखाद्या पिढीत कुणाला दोन मुलगे, कुणाला एक, कुणाला एकही नाही. सरासरी प्रत्येकाला एकच मुलगा असेल तर लोकसंख्या कमी होत नाही. तरीही एकेक घराणं कधी ना कधी ‘एकही मुलगा नाही’ या पायरीवर येऊन थांबतं. म्युलरांची लाखो घरं असल्याने त्यांना काही फरक पडत नाही. पण ज्या आडनावाची दहाच घरं आहेत, त्याला दोन-तीन पिढ्यांचं वाईट दान पुरतं.

अल्बर्ट आईनस्टाईनच्याच घरात बघा. त्याला दोन मुलगे, हान्स अल्बर्ट आणि एडुआर्ड. एडुआर्डला मुलं झाली नाहीत. हान्स अल्बर्टचा एक मुलगा क्लाउस सहा वर्षांचा असताना वारला, दुसरा डेव्हिड महिन्याभराचाही होऊ शकला नाही. मोठा झाला तो एकटा बर्नहार्ड. म्हणजे जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध शास्त्रज्ञाचं आडनाव नातवांच्या पिढीत रक्ताच्या एकाच धाग्यावर लटकत होतं. पुढे बर्नहार्डला मुलं झाली आणि धागा टिकला, पण तो टिकला अमेरिकेत.

यात कायद्याचाही हात असतो. जर्मनीत १९७६ पर्यंत लग्नानंतर नवऱ्याचंच आडनाव कुटुंबाचं नाव व्हायचं. त्या वर्षी दोघांपैकी कुणाचंही निवडायची मुभा मिळाली, पण एकमत झालं नाही तर नवऱ्याचंच लागू व्हायचं. १९९१ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा नियम समानतेच्या विरोधात ठरवला. मे २०२५ पासून तर नवरा-बायको दोघांची आडनावं जोडून कुटुंबाचं एकच जोडनाव घेऊ शकतात. दुर्मिळ आडनावांना जगवण्याची थोडी सोय आता झालीय.

पण आईनस्टाईनच्या बाबतीत फक्त गणित नव्हतं

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बुखाऊत ज्यूंची मोठी वस्ती होती. १८३९ मध्ये तिथे नवं सिनेगॉग उभं राहिलं. त्याला चक्क घंटा होती. ज्यू प्रार्थनास्थळाला घंटा ही फार विरळा गोष्ट. शेजारच्या चर्चसारखी आपलीही घंटा वाजते, म्हणजे आपण या गावचेच, असं त्या लोकांना वाटलं असेल तर नवल नाही.

नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं पेटवली, त्यात बुखाऊचं सिनेगॉगही जळालं.

आडनावांच्या इतिहासात त्या वर्षाची आणखी एक नोंद आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी सरकारने हुकूम काढला. ज्या ज्यूंचं नाव सरकारने ठरवलेल्या ‘ज्यू नावांच्या’ यादीत नाही, त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून नावात भर घालायची. पुरुषांनी ‘इस्राएल’ आणि बायकांनी ‘सारा’. सरकारी नोंदीत ज्यू लगेच ओळखू यावा, एवढाच त्याचा हेतू. नाव, जे माणसाची ओळख असतं, तेच त्याला पकडायचं साधन झालं.

मग हद्दपारी सुरू झाली. १ डिसेंबर १९४१ रोजी श्टुटगार्टहून व्युर्टेमबर्गमधल्या ज्यूंना घेऊन पहिली गाडी रीगाकडे निघाली. ऑगस्ट १९४२ मध्ये म्हाताऱ्या माणसांना थेरेसियनश्टाटच्या छळछावणीत नेण्यात आलं. ज्यांना जमलं ते त्याआधीच अमेरिका, ब्रिटन आणि इतर देशांत निघून गेले होते.

अल्बर्टने तर १९३३ मध्येच जर्मनीशी संबंध तोडला होता. उल्म शहराने १९२२ मध्ये एका रस्त्याला आईनस्टाईनचं नाव द्यायचं ठरवलं होतं. नाझी सत्तेवर येताच पाटी बदलून तत्त्वज्ञ फिश्टे याचं नाव लावलं. १९४५ मध्ये नाझी गेले आणि पाटी पुन्हा बदलून आईनस्टाईनची झाली. हे कळल्यावर त्याने पत्रातून टोमणा मारला होता की रस्त्याला ‘वातकुक्कुट मार्ग’ असं काहीतरी नाव द्या, म्हणजे वारा फिरला तरी पाटी बदलायला नको. १९४९ मध्ये उल्मने देऊ केलेलं मानद नागरिकत्वही त्याने नाकारलं.

जिथे आडनावावर जीव ठरला

रोबेर्ट आईनस्टाईन हा अल्बर्टचा सख्खा चुलतभाऊ, याकोब काकांचा मुलगा. लहानपणी म्युनिकमध्ये दोन्ही भावांची कुटुंबं एकत्रच राहायची. रोबेर्ट पुढे इटलीत स्थायिक झाला. फ्लोरेन्सजवळ रिन्यानो सुल्लार्नो या गावाच्या परिसरात त्याची वाडी होती. बायको नीना, लुचे आणि आन्नामारिया या दोन मुली, आणि नीनाच्या भावाच्या आई नसलेल्या जुळ्या मुली, लोरेन्झा आणि पाओला.

३ ऑगस्ट १९४४ रोजी जर्मन सैनिक त्या घरात शिरले. रोबेर्ट तेव्हा जवळच्या रानात लपलेला होता. सैनिकांनी नीना, लुचे आणि आन्नामारिया यांना गोळ्या घातल्या आणि घर पेटवून दिलं. नीना ज्यू नव्हती. मारल्या गेलेल्या तिघींचं आडनाव आईनस्टाईन होतं. जुळ्या बहिणींचं आडनाव मात्सेत्ती होतं, त्या वाचल्या.

रोबेर्टने पुढच्या वर्षी, जुलै १९४५ मध्ये, स्वतःचं आयुष्य संपवलं. या हत्यांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. लोरेन्झा मात्सेत्ती मोठी होऊन सिनेदिग्दर्शक आणि लेखिका झाली. १९६१ साली आलेल्या तिच्या कादंबरीचा आधार हाच प्रसंग होता.

बुखाऊचा शेवटचा आईनस्टाईन

सिग्बर्ट आईनस्टाईन हा अल्बर्टचा बुखाऊतला दूरचा नातेवाईक. जन्म १८८९ चा. नाझींनी त्याला थेरेसियनश्टाटला पाठवलं. तो जिवंत परतला आणि बुखाऊतच राहिला. इतकंच नाही, तर ज्या गावाने शेजाऱ्यांना गाडीत बसवून पाठवलं जाताना पाहिलं होतं, त्याच गावाचा तो उपमहापौर झाला. १९६८ मध्ये तो वारला आणि गावातल्या जुन्या ज्यू दफनभूमीत त्याला पुरलं. त्याच्याबरोबर बुखाऊतला ज्यू समाज संपला.

ती दफनभूमी आजही आहे. जर्मनीत आईनस्टाईन आडनाव वाचायचं असेल तर डिरेक्टरीपेक्षा तिथल्या दगडांवर ते जास्त वेळा दिसेल. ‘श्टाइन’ म्हणजे दगड या विनोदाचं हसू तिथे येत नाही.

बाकीचे आईनस्टाईन कुठे गेले?

आडनाव दुर्मिळ असलं तरी त्यात फक्त अल्बर्टच नाही.

• आल्फ्रेड आईनस्टाईन : संगीताचा अभ्यासक, जन्म म्युनिक, १८८०. मोत्सार्टच्या रचनांना क्रमांक देणारी जी प्रसिद्ध सूची आहे, तिची सुधारित आवृत्ती याने १९३७ मध्ये काढली. नावं सारखी असल्याने अनेक जण याला अल्बर्टचा भाऊ समजतात. तो भाऊ नव्हता, अल्बर्टला माया ही एकच सख्खी बहीण होती.

• कार्ल आईनस्टाईन : कलासमीक्षक, जन्म १८८५. आफ्रिकी शिल्पांकडे कला म्हणून बघायला शिकवणारं पुस्तक त्याने १९१५ मध्ये लिहिलं. स्पेनच्या यादवी युद्धात तो लढला. १९४० मध्ये नाझी फ्रान्समध्ये घुसले, पळायचा रस्ता उरला नाही, तेव्हा त्याने नदीत जीव दिला.

• अल्बर्ट ब्रुक्स : ‘फाइंडिंग नीमो’ पाहिलाय ना? नीमोच्या बाबांचा, मार्लिनचा आवाज याचा. १९४७ मध्ये जन्मलेल्या या अमेरिकन विनोदी कलाकाराचं खरं नाव अल्बर्ट आईनस्टाईन! त्याचे वडीलही विनोदी कलाकार होते. पोराने मोठेपणी आडनाव बदललं. त्याचा भाऊ बॉब मात्र आयुष्यभर आईनस्टाईनच राहिला.

या तीन नावांत आडनाव दुर्मिळ होण्याचे तीन मार्ग दिसतात. देश सोडणं, जीव जाणं आणि नाव बदलणं.

कुणालाही अर्ज करून आईनस्टाईन होता येईल का?

जर्मनीत तरी अवघड आहे. तिथे आडनाव बदलायला सबळ कारण द्यावं लागतं. म्युलर किंवा श्मिटसारखं आडनाव इतकं सामान्य आहे की माणसांची गल्लत होते, हे कारण ग्राह्य धरलं जातं. पण नवं आडनाव निवडताना, इतिहासात, साहित्यात किंवा राजकारणात आधीच्या माणसांमुळे ज्याला वजन आलंय असं नाव सहसा देऊ नये, अशी सूचना अधिकाऱ्यांना आहे. म्हणजे ज्यांच्याकडे हे आडनाव आहे तेच ते पुढे नेऊ शकतात. बाहेरून भर पडण्याचा रस्ता जवळपास बंद.

थोडक्यात काय?

आईनस्टाईन म्हणजे ‘एक दगड’ नव्हे. कोशांनुसार दगडी कुंपणाने वेढलेल्या जागेवरून आलेलं हे आडनाव आहे आणि बुखाऊच्या घराण्यात ते १६६५ पासून सापडतं. सुरुवातीपासूनच ते थोड्या घरांचं होतं, त्यामुळे गणिताच्या नियमाने ते दुर्मिळच राहिलं असतं. पण जर्मनीत ते आज जितकं दुर्मिळ आहे तितकं आपोआप झालेलं नाही. ज्यांचं ते होतं, त्यांना घालवून दिलं गेलं किंवा मारलं गेलं.

पुढच्या वेळी ती ‘एक दगड’वाली पोस्ट दिसली तर हसा, हरकत नाही. फक्त खाली कमेंटमध्ये बुखाऊचं नाव तेवढं लिहा.